भातगिरणीतला तिसरा अल्बम

माझी नात भुतांच्या बँडमध्ये पेटी वाजवते, असं मी पहिली दोन वर्षं गावात सांगत होते. पेटी म्हणजे कीबोर्ड होता आणि भुतं म्हणजे दोन सज्जन तरुण. एक शहापूरचा, गिटार वाजवतो आणि ओरडतो. दुसरा मुरबाडचा, ड्रम वाजवतो आणि बाकीचा वेळ गप्प असतो. कार्यक्रमाला ते तोंडाला पांढरा रंग लावतात, डोळ्यांभोवती काळा फासतात आणि मनगटाला खिळ्यांचे पट्टे बांधतात. रंग उतरवायला मात्र गिटारवाल्याला माझ्याकडचं खोबरेल तेल लागतं, कारण साबणानं त्याचे गाल उलतात. गाल उलणाऱ्या भुताला घाबरणं मला काही जमलं नाही.

त्यांच्या संगीताला सिंफॉनिक ब्लॅक मेटल म्हणतात. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे नाव चुकलेलं मला खपत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पाठ केलं. भजनाच्या बायकांना मी ते असं समजावून सांगते: ड्रम म्हणजे मळणीचं मशीन, न थांबता चालणारं. गिटार म्हणजे लाकडाच्या वखारीतली करवत. गाणारा माणूस घसा फाडून ओरडतो, जसं काही त्याच्या अंगात आलंय. आणि या सगळ्यावर एक भलंमोठं छत असतं, व्हायोलिनांचं, तुताऱ्यांचं, शंभर माणसांच्या कोरसचं. ते छत म्हणजे आमची नात. ती दहा बोटांनी एकटी ते सगळं उभं करते.

पहिल्या अल्बममध्ये हे छत नव्हतं. तो त्यांनी वाशिंदला, माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, भिंतींना रजया टांगून काढला. नात दिवसा तिथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करायची आणि रविवारी रजया टांगून त्यांचं रेकॉर्डिंग करायची. मला तो मोबाइलवर ऐकवला तेव्हा मी म्हटलं, पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यात. तिला राग येईल असं वाटलं होतं. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं बँडच्या पानावर टाकलं, आणि ते वाचून म्हणे दूरदूरच्या लोकांनी अल्बम ऐकला. तेव्हापासून मी जपून बोलते.

दुसऱ्या अल्बममध्ये कीबोर्ड आला. गांधीलमाश्या होत्याच, पण आता त्यांनी देऊळ बांधलं होतं. मला ते आवडायला लागलं. माझा डावा कान अधू आहे, म्हणून मी मोबाइल उजव्या कानाशी धरून ओट्यावर भाकऱ्या थापायचे. सहाव्या गाण्यात सगळं एकदम थांबतं आणि नुसती व्हायोलिनं उरतात. तिथं माझी भाकरी हमखास करपायची. ज्या बाईनं आयुष्यभर मुलांना हळू बोला, हळू बोला असं सांगितलं, तिला म्हातारपणी एवढा मोठा आवाज लाभला. कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून मी गिटारवाल्याला तेलाची अख्खी बाटलीच देऊन टाकली.

तिसऱ्या अल्बमसाठी ते आमच्या गावात आले. मुरबाडहून धसईला जाताना आमचं गाव लागतं. गावात आमची जुनी भातगिरण आहे, बंद पडलेली. लोक आता धसईच्या नव्या गिरणीत भात नेतात. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून पोरांनी भाताच्या तुसानं भरलेल्या गोण्या चारी बाजूंनी छातीपर्यंत रचल्या. एवढं तूस गावात कुणाला नको होतं, त्यामुळे मिळायला काही अडचण आली नाही. आत गेलं की आवाज कसा दबका, जवळचा यायचा. शिंकलं तरी चांगलं वाटायचं.

पंधरा दिवसांत ड्रम झाले, गिटार झाली, ओरडणं झालं. मग एका शुक्रवारी नात संध्याकाळी घरात आली, चुलीपाशी बसली आणि बटाटा सोलता सोलता त्याचा निम्मा केला. मी सुरी काढून घेतली.

“आजी, माझं सगळं काढून टाकणार आहेत,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गिटारवाल्याचं म्हणणं असं, की कीबोर्डमधला कोरस प्लास्टिकचा वाटतो. दुसऱ्या अल्बमला चालून गेला, आता नाही चालणार. लोक हसतील. त्याला आवाज मोठा हवाच होता, पण खरा हवा होता, आणि खरा मिळणार नसेल तर पहिल्या अल्बमसारखं उघडंवाघडं केलेलं बरं, असं त्याचं मत. सोमवारी सगळं कल्याणला मिक्सिंग करणाऱ्याकडे जायचं होतं. म्हणजे शनिवार आणि रविवार, एवढेच दिवस हातात. नाहीतर तिनं दोन वर्षं बसून लिहिलेलं छत अल्बममधून उतरणार होतं. तिच्या आवाजात रडू नव्हतं, ते जास्त वाईट होतं.

मी काय करावं? गप्प बसावं. पण गप्प बसणं मला नोकरीत असताना जमलं नाही, ते आता कुठून जमणार. मी म्हटलं, एवढंच ना, उद्या सकाळी दहाला तुला कोरस देते.

शनिवारी सकाळी आमच्या भजनी मंडळाच्या सात बायका मी गिरणीत नेल्या. त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. हो, उंचीप्रमाणे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सात माणसं दिसली की माझा हात त्यांना उंचीप्रमाणे लावतो. हातात पट्टी घेतली. सगळ्यांनी एका सुरात ‘आ’ म्हणायचं, मी पट्टी खाली केली की थांबायचं, श्वास घ्यायचा, पट्टी वर केली की पुन्हा ‘आ’. नातीनं लिहिलेल्या कागदावर जिथं जिथं श्वासाची जागा होती, तिथं तिथं मी पट्टी खाली केली. एकीचाही ‘आ’ पुढंमागं झाला नाही. मला वाटलं, वा.

मग त्यांनी ते गाण्यावर लावून ऐकवलं. गिटारवाला जमिनीकडे बघत होता. शेवटी कधी न बोलणारा ड्रमवाला अगदी मनापासून, कसलीही टवाळी न करता म्हणाला,

“आजी, यानंतर प्रतिज्ञा असते ना?”

सातही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीसुद्धा हसले, कारण बरोबर होतं. एवढ्या गडगडाटात मधेच कुठल्याशा शाळेची प्रार्थना सुटल्यासारखी वाटत होती. नात मात्र हसली नाही. बायका गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, आजी, तू प्रयत्न केलास. नापास होणार हे नक्की असलेल्या मुलांना मी हेच वाक्य सांगायचे. त्यांना कसं वाटत असेल ते त्या दिवशी समजलं.

आता खरी गोष्ट सांगते. गावात कोरस कुणाकडे आहे हे मला शुक्रवारीच माहीत होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. त्यांचं दार आणि माझं दार एकाच अंगणात उघडतं. तरी मी त्यांना बोलावलं नाही. बोलावलं असतं तर एक जुना विषय निघाला असता.

जाऊबाई भजनाला येत नाहीत. त्या लग्नात धवळे गातात. आमच्याकडे हळद लागण्यापासून नवरी निघेपर्यंत बायका बसून ही गाणी म्हणतात, आणि म्हणणाऱ्या मुख्य बाईला धवळारीण म्हणतात. आमच्या सासूबाई धवळारीण होत्या. त्यांना पार शहापूरकडच्या सापगावापर्यंत बोलावणं यायचं. धवळे चौघी मिळून गातात. दोघी ओळ टाकतात आणि दोघी ती झेलतात. झेलायचं ते ओळ संपल्यावर नाही. पहिल्या दोघींचा श्वास सरत आला की शेवटचं अक्षर हवेत असतानाच दुसऱ्या दोघींनी ते उचलायचं. त्यामुळे चौघींतली प्रत्येक बाई श्वास घेते, पण गाणं कुठंच श्वास घेत नाही. विधी चालू असेस्तोवर आवाज तुटू द्यायचा नसतो.

हे मला आज कळतं. तेविसाव्या वर्षी कळत नव्हतं. तेव्हा मी शहापूरहून लग्न होऊन आलेली, नुकतीच शिक्षिका झालेली, दोन वेण्या घालणारी, आणि गावात उजेड पाडायला आपणच आलो आहोत असं समजणारी बाई होते. नणंदेच्या लग्नात मी माहेरून हार्मोनियम आणली. शाळेच्या आठ मुलींना एक स्वागतगीत शिकवलं. माइक भाड्यानं आणला. आणि सासूबाईंचे धवळे सुरू झाले तेव्हा मांडवात सगळ्यांदेखत जाऊन त्यांना सांगितलं, की तुम्ही एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू करता, पाहुण्यांना शब्द कळत नाहीत. आधी दोघींनी म्हणा, थांबा, मग दुसऱ्या दोघींनी म्हणा. आणि दहा मिनिटांत आवरा, मुली खोळंबल्या आहेत.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं तसंच केलं. दोघींनी म्हटलं, थांबल्या. मांडवात शांतता. कुणाचं तरी मूल खोकलं. मग दुसऱ्या दोघींनी म्हटलं, थांबल्या. पुन्हा शांतता. आणि मी, ती हार्मोनियमवाली, मान डोलावत उभी होते, की बघा, आता कसं स्वच्छ ऐकू येतंय. ती बाई मला आज रस्त्यात भेटली तर मी तिची पट्टी काढून घेईन आणि तिला उंचीप्रमाणे एकटीलाच उभी करीन.

त्या दिवसानंतर सासूबाई माझ्यासमोर कधी गायल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की आत चाललेलं गाणं बंद व्हायचं आणि जाऊबाई उगाच भांडी हलवायच्या. मला वाटायचं, वय झालं, विसरल्या असतील. त्या विसरल्या नव्हत्या. मी रोज अकरा ते पाच शाळेत असायचे, तेवढ्या वेळात त्यांनी सगळं जाऊबाईंना शिकवलं. माझ्या शाळेची वेळ त्या दोघींना फार सोयीची होती.

तर रविवारी सकाळी मी अंगण ओलांडलं. जाऊबाई दारात बसून मोड आलेले वाल सोलत होत्या, पुढ्यात मोठी टोपली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाला बघायला पाहुणे यायचे होते आणि वालाच्या बिरड्याशिवाय पाहुण्यांचं जेवण आमच्यात होत नाही. मोड आलेले वाल त्याच दिवशी सोलावे लागतात, नाहीतर वास मारतात. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, प्रतिज्ञेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नीट कळलं नाय, परत सांग. मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा त्या नुसत्या माझी फजिती ऐकायला बसल्या होत्या, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

मग मी मांडवातलं बोलले. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. सासूबाईंना मी जे केलं ते चुकलं, एवढंच म्हटलं. जास्त काही सुचलं नाही.

जाऊबाईंनी तीन वाल सोलले. मग म्हणाल्या, “ती तुझ्यावर रागवली नव्हती गो. ती म्हणायची, मास्तरणीला श्वास घेतल्याबिगर राहवत नाय, म्हणून तिला थांबा लागतो.”

एवढ्या स्वस्तात मी सुटेन असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, धवळ्यांचे शब्द गिरणीत म्हणणार नाही, कारण शब्द लग्नाचे आहेत आणि मांडवाबाहेर ते म्हणायचे नसतात. चाल म्हणू, ओळीच्या शेवटी जे ‘गो’ आणि ‘ओ’ येतात तेवढे लांबवू, चाल कुणाच्या मालकीची नाही. दुसरी, वाल सोबत येणार, कारण ते आजच संपले पाहिजेत. आणि तिसरी माझ्यासाठी होती.

“तू गप बसायचं, मास्तरीण. तुला पण वाल देते.”

दुपारी दोनला त्या चौघी गिरणीत आल्या. जाऊबाई, त्यांच्या बरोबरीच्या दोघी आणि एक सून, जिला जाऊबाई शिकवत होत्या. गोण्यांच्या मधे पोतं अंथरून त्या समोरासमोर बसल्या, मधे टोपली. गिटारवाला दारात उभा राहून बघत होता. वाल सोलताना आवाज येईल का, असं त्यानं नातीला हळूच विचारलं. तिनं कानाला हेडफोन लावले आणि ऐकलं. भिजलेल्या वालाचं साल निघताना काही आवाज होत नाही. सोललेला दाणा पातेल्यात पडला की टण्ण व्हायचं, म्हणून पातेलं काढून फडकं ठेवलं. जाऊबाईंना एका कानात हेडफोन दिला, त्यात चौथ्या गाण्याच्या मधला संथ भाग होता. तिथं ड्रम थांबतात आणि गिटारचा एक खालचा सूर नुसता घुमत राहतो. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या.

म्हणाल्या, “बरा हाय. हा पोरगा ओरडतो तरी सूर सोडत नाय.”

गिटारवाल्याचे कान लाल झाले. मला वाटतं, त्याला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी असावी.

मग त्यांनी सुरुवात केली. मी टोपलीच्या कडेला बसून वाल सोलत होते आणि तोंड मिटून होते. ते कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. दोघींचा आवाज वर गेला. जाऊबाईंचा आवाज आता फाटका आहे, कडेला काटे असल्यासारखा. तो उतरायला लागला आणि कुठून कसा कोण जाणे, समोरच्या दोघींचा त्याच्या खालून वर आला. क्षणभर चौघींचा आवाज एकमेकींत मिसळला, आणि दोन सूर बरोबर जुळतही नव्हते, थोडे घासत होते. तिथं माझ्या पाठीवर काटा आला. मग पहिल्या दोघी गेल्या, दुसऱ्या राहिल्या. आणि हात चालूच. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. साल निघत होतं, दाणा फडक्यावर पडत होता, आवाज तुटत नव्हता. मी श्वास रोखून होते आणि मला शेवटी राहवलं नाही, मी जोरात श्वास घेतला. तो रेकॉर्ड झालाय. नात म्हणते तो काढायचा नाही.

थांबल्यावर गिटारवाल्यानं हेडफोन काढून हातात धरले. ड्रमवाला म्हणाला, हेच. एवढंच म्हणाला.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. नातीनं चौघींचा आवाज गाण्यावर लावला, खाली तिची व्हायोलिनं, तुताऱ्या, कीबोर्डचा कोरस. आम्ही सगळे ऐकायला बसलो. आणि माझ्या अधू कानालासुद्धा कळलं. खऱ्या आवाजाखाली तिची व्हायोलिनं कागदाच्या फुलांसारखी दिसायला लागली. कालपर्यंत मला ती भाकरी करपवण्याइतकी सुंदर वाटत होती. गिटारवाला वाईट माणूस नाही. त्यानं ते पुन्हा दोनदा लावून ऐकलं. मग म्हणाला, “हे ठेवू. पण खालचं काढावं लागेल.”

म्हणजे तिचंच छत. कोरस मिळाला तर तिचं काम वाचणार म्हणून मी अंगण ओलांडून गेले होते, आणि मीच आणलेल्या कोरसनं तिचं काम खोटं पाडलं.

ती बाहेर गेली. मी उठले. मला तिला सांगायचं होतं की तसं काही नाही, छान आहे, तो गाढव आहे, आपण दोन्ही ठेवू. जाऊबाईंनी माझा पदर धरला आणि खाली बसवलं. टोपलीकडे बोट केलं. मी वाल सोलले. ते वाल काही केल्या संपेनात. तेविसाव्या वर्षी तिच्या जागी मी असते, म्हणजे मला कुणी सांगितलं असतं की तुझी हार्मोनियम उचल, या बायकांना गाऊ दे, तर मी काय केलं असतं? मी माइक आणखी मोठा केला असता. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तेच केलं होतं.

नात परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. लॅपटॉपसमोर बसली आणि एकेक करून बंद करत गेली. आधी तुताऱ्या. मग कीबोर्डचा कोरस. मग व्हायोलिनं. प्रत्येक बंद केल्यावर थोडं ऐकायची, पुढचं बंद करायची. शेवटी गिटारचा एक सूर आणि चार बायका उरल्या. तिनं ते पूर्ण ऐकलं. म्हणाली, हेच बरोबर आहे. तिच्या तोंडून ते निघताना मी पाहिलं, आणि त्या पोरीची मी आजी आहे याबद्दल मला इतकं बरं वाटलं, की हातातला वाल चिरडला गेला.

आता तो अल्बम निघालाय. आतल्या पानावर कुणी काय वाजवलं त्याची यादी आहे. चौघींनी नावं घालू दिली नाहीत, म्हणून ‘आवाज: गावच्या चौघी’ असं आहे. माझं काय लिहायचं, असं नातीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी काही केलं नाही, वाल सोलले. तिनं ‘वाल: आजी’ असं छापलं. परवा कुठल्या परक्या देशातल्या एकानं तिला विचारलं म्हणे, की वाल हे कुठलं वाद्य आहे.

पण त्या दुपारी एवढ्यावर झालं नव्हतं. तिनं सगळं बंद केलं, गिटारवाल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि सगळे उठायला लागले. जाऊबाई उठल्या नाहीत.

त्यांनी नातीकडे बघून विचारलं, आमी संपवतो तिथं पुढं काय हाय? तिनं सांगितलं, काही नाही, थोडी शांतता, मग ड्रम येतात. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. “म्हंजे आमचा शेवटचा कोण झेलणार? आमी चौघी दमल्यावर तू हायस ना? का नुसती मशीन दाबत बसणार?”

नातीनं गिटारवाल्याकडे पाहिलं आणि त्यानं खांदे उडवले. म्हणजे बघ बाई, तुझ्यावर आहे.

तिनं कीबोर्ड पोत्याशेजारी ओढून घेतला आणि जमिनीवर मांडी घालून बसली. एकच व्हायोलिन ठेवलं. चौघी पुन्हा गायल्या, पुन्हा वाल चालू, आणि शेवटी जाऊबाईंच्या जोडीचा आवाज उतरू लागला. नात थांबली होती. आवाज संपला, मग तिचं व्हायोलिन आलं. मधे इवलीशी फट राहिली. जाऊबाईंनी मानेनंच नाही म्हटलं. उशीर केलास गो, श्वास बघ माझा, कागद कशाला बघतेस. दुसऱ्यांदा ती घाईनं आली आणि त्यांच्या आवाजावर चढून बसली. जाऊबाई हसल्या, सून हसली, नातही हसली, आणि मला त्या हसण्यानं फार बरं वाटलं, कारण सकाळपासून तिचं हसू मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं कीबोर्डवरची नजर काढली आणि जाऊबाईंच्या गळ्याकडे लावली. गळ्याची ती सुरकुतलेली कातडी आत ओढली जाते, श्वास सरतो, ते तिनं पाहिलं असावं. जाऊबाईंचं शेवटचं ‘ओ’ अजून हवेत होतं, फाटकं, काठावर आलेलं. त्याच्या खालून काहीतरी वर आलं. ते व्हायोलिन कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. गळा कुठं संपला तेही कळलं नाही. मघाशी कागदाचं वाटणारं ते फूल आता कुणाचा तरी श्वास उचलून निघालं होतं. ते थोडं पुढं गेलं, मग आधीच रेकॉर्ड केलेला ड्रम मळणीच्या मशीनसारखा सुरू झाला, आणि गाणं त्याच्या बाकीच्या गडगडाटात शिरलं.

नातीची बोटं कीबोर्डवर तशीच होती. जाऊबाईंनी फडक्याची चार टोकं एकत्र केली, त्यात सोललेले वाल बांधले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“मास्तरीण, सालांची टोपली उचल,” त्या म्हणाल्या.

मी उचलली.